हेड कुठला? कोल्हापूरच्या चालायच्या-सायकलीच्या आराखड्यासाठी निधी कसा मागायचा

आम्ही चौघं पहिल्यांदा फाईल घेऊन एका इंजिनिअर साहेबांसमोर बसलो तेव्हा आमच्याकडं सगळं होतं. रंगीत प्रिंट, नेदरलँडचे फोटो, रंकाळ्याभोवती हिरव्या रंगानं काढलेला सायकल ट्रॅक, मागं दोनशे सह्या. साहेबांनी चहा मागवला, पानं उलटली आणि शांतपणे एकच विचारलं, "हे सगळं झकास आहे हो, पण हेड कुठला?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. हेड म्हणजे लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातनं, कुठल्या कारणासाठी पडणार ते, आणि त्याचं उत्तर आमच्यातल्या एकाकडंपण नव्हतं. चहा मात्र चांगला होता.

त्यानंतर आमचा एक प्रस्ताव परत आला, एक अर्धवट मंजूर झाला, आणि आता सांगली-इचलकरंजीकडनं मित्र फोन करून विचारतात की कसं करायचं, दरवेळी अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. उदाहरणं कोल्हापूरची आहेत, पण महाराष्ट्रातल्या कुठल्यापण मध्यम शहराला थोड्याफार फरकानं चालतील.

पहिली गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, "आराखडा अपडेट करणे" आणि "फूटपाथ-ट्रॅक बांधणे" ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांचे पैसे वेगळ्या खिशातनं येतात. आराखडा म्हणजे मोजणी, नकाशे, लोकांच्या बैठका, कन्सल्टंटची फी. ह्यातनं डोळ्याला दिसणारं काही उभं राहत नाही, कोनशिला बसत नाही, त्यामुळं नेहमीच्या सरकारी निधीतनं ह्याला पैसा निघणं अवघड. खासदार निधी घ्या, वर्षाला ५ कोटी असतात, पण तो टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी, म्हणजे वस्तू उभी राहिली पाहिजे. आमदार निधीचंपण तेच. तिथं जाऊन "सर्व्हेला पैसे द्या" म्हटलं की समोरचा माणूस आदरानं ऐकून घेतो आणि फाईल बाजूला ठेवतो. उलट फूटपाथच्या कामाला पैसा बऱ्याच ठिकाणी असतो, पण तुमच्याकडं ताजा आराखडा नसेल तर तो सुट्टा-सुट्टा खर्च होतो, एका गल्लीत चकाचक पेव्हर ब्लॉक आणि पुढच्या वळणावर विजेचा डीपी बॉक्स मधोमध.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी आराखड्याला छोटा निधी, मग त्या आराखड्यातनं निघालेल्या कामांना मोठा निधी. आणि प्रस्तावात दोन्ही टप्पे दाखवायचे, नाहीतर देणारा विचारतो की कागद झाल्यावर पुढं काय.

आता जुना आराखडा शोधा. अपडेट करायचा म्हटल्यावर आधीचं काय आहे ते हातात पाहिजे. शहराचा वाहतूक आराखडा, डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा, एखादा जुना पार्किंग सर्व्हे, काहीही. नगररचना विभागात जाऊन सरळ विचारा, बहुतेक वेळा मिळतं, नाहीच मिळालं तर माहिती अधिकार आहे, दहा रुपये फी आणि तीस दिवस. पण आरटीआय पहिल्या भेटीत काढू नका राव, ज्या माणसाची सही पुढं लागणार आहे त्याला पहिल्याच दिवशी नोटीस दिल्यासारखं होतं. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं सर्वंकष वाहतूक आराखडा, म्हणजे सीएमपी, कसा करायचा ह्याचं टूलकिट काढलंय, २०१४ ची सुधारित आवृत्ती आहे, ते डाऊनलोड करून त्यातला पायी आणि सायकलचा भाग वाचा. दोन-तीन संध्याकाळी जातील. कन्सल्टंट लोक जी भाषा बोलतात ती तिथनंच येते.

जुनं कागद मिळालं की एकच पान लिहा, "तेव्हापासनं काय बदललं". हे पान सगळ्या प्रस्तावाचा कणा आहे, कारण अपडेटला पैसे मागायचं कारण हेच. कोल्हापुरात हे पान लिहायला आता फार डोकं चालवावं लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं, सहा जिल्ह्यांचे वकील-पक्षकार आता भाऊसिंगजी रोडवर पायी हिंडतात, स्टँडवरनं येतात, जेवायला जातात, झेरॉक्सला जातात. अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याला २०२५ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळानं १,४४५ कोटींची मंजुरी दिली, म्हणजे महाद्वार रोड, भवानी मंडप, बिंदू चौक ह्या पट्ट्यात लोक कुठनं चालणार हा प्रश्न आता कुणीतरी ठरवणारच आहे. केएमटीला, म्हणजे महापालिकेच्या बससेवेला, पीएम ई-बस सेवेतनं शंभर इलेक्ट्रिक बस मंजूर आहेत, आणि बसला माणूस चालतच जातो. २०१७ ला झालेल्या कोल्हापूरच्या विकास प्राधिकरणात शहराभोवतीची ४२ गावं आहेत, तिथनं रोज माणसं शहरात येतात, पण आपली महापालिकेची हद्द आहे तेवढीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. (हद्दवाढीवर इथं बोलत नाही, तो विषय काढला की हा लेख संपायचा नाही.) आणि २०१९, २०२१ चे पूर. पंचगंगेचं पाणी आल्यावर कुठले रस्ते जातात आणि माणसं चालत कुठनं बाहेर पडतात, हे चालण्याच्या आराखड्यात असलंच पाहिजे.

एवढं एका पानात बसवलं की समोरच्याला पटतं की हा हौशी लोकांचा सायकल क्लब नाही.

हौशीवरनं आठवलं. आमच्या पहिल्या प्रस्तावात सगळे फोटो हेल्मेट-लायक्रावाले होते, रविवारी पन्हाळ्याला जाणारे, म्हणजे आम्हीच. एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे कंपनीनं समाजकामावर खर्चायच्या पैशाच्या, कमिटीतल्या बाईंनी विचारलं, "ह्यात सकाळी कामाला सायकलवर जाणारा माणूस कुठं आहे?" आणि प्रस्ताव परत. तेव्हा राग आला होता पण बाईंचं बरोबर होतं. आपल्या शहरात सायकल चालवणारा म्हणजे पेपर टाकणारा पोरगा, वॉचमन, गवंड्याच्या हाताखालचा माणूस, क्लासला जाणारी आठवीतली मुलगी. आणि चालणारा म्हणजे सगळेच. गंमत म्हणजे रंकाळ्यावर चालायला लोक चारचाकीतनं येतात, आणि जे खरंच चालत कामाला जातात त्यांना फूटपाथ नसतो. पैसे त्यांच्या नावानं मागा, कारण ते खरंय आणि देणाऱ्याला कळतंपण.

आता मोजणी, ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथंच बहुतेक लोक आळस करतात. "लोकांना त्रास होतो" हे वाक्य कुठल्याच फाईलमध्ये चालत नाही, "सकाळी आठ ते दहा ह्या वेळात ह्या चौकात इतके पादचारी रस्ता ओलांडतात आणि त्यातले इतके शाळकरी" हे चालतं. आणि मोजायला आराखड्याचा निधी यायची वाट बघू नका, थोडी मोजणी आधीच करून प्रस्तावाला जोडा.

चौक निवडताना फक्त गर्दीचे निवडू नका. आम्ही अशी जोडी लावली: पेठेतला एक, बिंदू चौक किंवा पापाची तिकटी, स्टँडजवळचा एक, दसरा चौक-सीपीआर, राजारामपुरीतला एक, विद्यापीठाकडं जाताना सायबर चौक, कसबा बावड्याकडचा एक, रंकाळा वेशीजवळ एक. समजा बारा जागा घेतल्या, प्रत्येक जागी दोन दिवस, दिवसातल्या तीन पाळ्या, सकाळी ८ ते १०, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ८, आणि प्रत्येक पाळीला दोन पोरं, तर १४४ ड्युट्या होतात. इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर कॉलेजची एक बॅच मिळाली की चार आठवड्यात निवांत होतं. विद्यापीठाच्या भूगोल विभागासारख्या ठिकाणी नकाशाचं काम शिकवतात, तिथं प्रोजेक्ट म्हणून विचारा, पोरांना मार्क, तुम्हाला नकाशा.

दोन दिवसांतला एक साधा वारचा घ्या, मंगळवार ते गुरुवार. सोमवार घेऊ नका, बाजारपेठेत बरीच दुकानं बंद असतात, आकडा पडतो. दुसरा दिवस रविवार, लक्ष्मीपुरीच्या बाजाराचा. नवरात्र, चैत्र यात्रा, गणपती हे दिवस वेगळे मोजा आणि वेगळेच दाखवा, नाहीतर कोणीतरी हुशार माणूस म्हणतो की तुम्ही मुद्दाम गर्दीचा दिवस घेतला. एक पोरगं एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, कागदावर पाच-पाचच्या उभ्या रेघा, ॲपच्या नादाला लागू नका, उन्हात स्क्रीन दिसत नाही. रकाने: पुरुष, बायका, शाळकरी, म्हातारी माणसं, काठी-व्हीलचेअरवाले, सायकल, हातगाडी. आमच्या एका पोरानं पहिल्या दिवशी स्कूटर ढकलत नेणारा माणूस पादचाऱ्यात धरला की गाडीत ह्यावर अर्धा तास वाद घातला, तर असल्या गोष्टी आधीच ठरवून एका कागदावर लिहून द्या. ढकलत नेणारा पादचारी, विषय संपला.

मोजणीबरोबर फूटपाथची पाहणी. टेप घेऊन जायचं. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १०३ हे पादचारी सुविधांचं मानक आहे, त्यात मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळं, आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं आहे. सायकल ट्रॅकला आयआरसी ११. तुम्ही फक्त एवढं करा, दर पन्नास पावलांवर थांबून मोकळी रुंदी मोजा आणि अडथळा काय आहे ते लिहा, झाड, खांब, ट्रान्सफॉर्मर, दुकानाचा बोर्ड, लावलेल्या टू-व्हीलर, तुटलेलं चेंबर. शेवटी "१.८ मीटर सलग मिळणारी लांबी किती" हा एक आकडा काढा. तो आकडा बघून साहेबच हसतात.

अपघातांचे आकडे शहर वाहतूक शाखेकडं आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडं असतात, समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. अर्ज देऊन पादचारी आणि सायकलस्वारांचे वेगळे मागा. देशाचा आकडा हवा असेल तर २०२२ साली रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली त्यात ३२,८२५ पादचारी होती, म्हणजे पाचातलं जवळपास एक. पण हा आकडा एका ओळीत टाकून सोडा, देणाऱ्याला आपल्या चौकाचं ऐकायचं असतं. कामाला लोक कशानं जातात ह्याचा जुना आकडा २०११ च्या जनगणनेत आहे, बी-२८ नावाचा तक्ता, तो काढून ठेवा, जुना आहे हे मान्य करूनच वापरा.

आणि एक कागद कायद्याचा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मोकळे, वापरता येण्यासारखे फूटपाथ मिळणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि राज्यांना त्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं करायला लावलीत. महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये रस्ते हे बंधनकारक कर्तव्यात आहेतच. हे धमकीसारखं लिहू नका. "सदर निर्देशांच्या पूर्ततेस या आराखड्याची मदत होईल" असं लिहा, म्हणजे साहेबांना वर पाठवताना तेच वाक्य उपयोगी पडतं.

आता खिसे. एकेक सांगतो, कुठला उघडतो आणि कुठला नाही.

आराखड्याच्या टप्प्यासाठी सगळ्यात साधा रस्ता म्हणजे महापालिकेचं स्वतःचं बजेट. लोक हसतात, म्हणतात तिजोरीत काय आहे. पण आराखडा अपडेट करायला रस्त्याच्या तुलनेत फार कमी पैसे लागतात, आणि बजेटमध्ये नावासकट एक ओळ आली, भले रक्कम छोटी असेना, की हेड तयार झाला. मग बाहेरचा पैसा त्या हेडवर येऊ शकतो. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं आणि ते कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात होते, त्यामुळं मागणी दिवाळीनंतर लगेच द्या, फेब्रुवारीत गेलात तर पुढच्या वर्षी या.

दुसरा, सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात आणि आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलंय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित, इथं कारखाने आहेत. इथं दोन खाचा आहेत. तुमची संस्था पैसे घेणार असेल तर सीएसआर-१ नोंदणी लागते, १ एप्रिल २०२१ पासून, शिवाय आयकराच्या १२ए, ८०जी नोंदण्या. नसेल तर नवीन ट्रस्ट काढत बसू नका, नोंदणी असलेल्या चांगल्या संस्थेबरोबर जा किंवा कॉलेजमार्फत जा. दुसरी खाच, फक्त कंपनीच्या कामगारांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. "तुमच्या गेटपर्यंत सायकल रस्ता" असं मागितलं की गेलं, "हायवेवरच्या बस थांब्यापासून शाळा, दवाखाना आणि औद्योगिक वसाहतीपर्यंतचा सार्वजनिक रस्ता" असं लिहा, आणि तसाच आराखडा करा. भेटायला वर्षाच्या सुरुवातीला जा, एप्रिल-मे-जूनमध्ये. जानेवारीनंतर काही ठिकाणी उरलेले पैसे संपवायची घाई असते, तेव्हा छोटं तयार काम घेऊन गेलात तर पटकन होतं, पण मोठा विषय तेव्हा कोणी ऐकत नाही.

तिसरा, बाहेरच्या स्पर्धा आणि फाउंडेशन. २०२३ मध्ये ब्लूमबर्गच्या सायकल पायाभूत सुविधांच्या योजनेत जगातली दहा शहरं निवडली, त्यात आपलं पिंपरी-चिंचवड होतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या महापालिकेला हे जमू शकतं. पण असल्या ठिकाणी अर्ज शहराचा असतो, आयुक्तांच्या सहीनं, नागरिक गटाचा नाही, आणि मुदत आली की सहा आठवड्यात सगळं लागतं, म्हणून मोजणी आणि ते एक पान आधीच तयार पाहिजे. परदेशी पैसा थेट संस्थेच्या खात्यात घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी, लागतं, ते नसताना एक रुपयासुद्धा घेऊ नका.

कामांच्या टप्प्याचे खिसे जास्त आहेत. जिल्हा नियोजन समिती, अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी, तिथनं जिल्हास्तर नगरोत्थान ह्या शहरांसाठीच्या राज्य योजनेचा पैसा येतो. राज्यस्तर नगरोत्थान मोठ्या रस्त्यांसाठी, त्यात महापालिकेचा ठरावीक हिस्सा घालावा लागतो. इथं डोकं लावायची जागा अशी की रस्ता मंजूर होतानाच त्याच्या इस्टिमेटमध्ये फूटपाथ, उतार, क्रॉसिंग बसवून घ्यायचं. रस्ता झाल्यावर फूटपाथला वेगळा निधी मागणं म्हणजे जेवण झाल्यावर ताट वाढा म्हणण्यासारखं.

हवेचा पैसा लोक विसरतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला आणि त्याच्या यादीत कोल्हापूर आहे. आपल्याकडची मोठी भानगड धूळ, पीएम १०, आणि रस्त्याकडंची उघडी माती हे तिचं एक कारण. कडेपासून कडेपर्यंत पक्का, झाडं असलेला फूटपाथ केला की धूळ कमी होते, आणि पायी-सायकल वाहतूक त्या कार्यक्रमाच्या भाषेत बसतेच. तर तिथं जाताना "सायकल ट्रॅक" हा शब्द दुसरा ठेवा, "रस्त्यावरील धूळ नियंत्रण" पहिला. खोटं काहीच नाही त्यात. शहराचा हवेचा कृती आराखडा आहे, त्यात तुमचं काम कुठल्या मुद्द्याखाली येतं तो नंबर शोधून प्रस्तावात लिहा. वित्त आयोगाचे अनुदान बघताना एवढं ध्यानात ठेवा की पंधराव्याचा काळ २०२१ ते २०२६ होता आणि पुढची पाच वर्षं सोळाव्याची, त्यामुळं जुन्या जीआरवरनं कॉपी मारू नका.

कॉपीवरनंच, केंद्राच्या शहरांसाठीच्या अमृत योजनेचं नाव बऱ्याच जुन्या प्रस्तावात सापडेल. २०१५ च्या पहिल्या अमृतमध्ये शहरी वाहतूक, फूटपाथ, सायकल होतं. २०२१ च्या अमृत २.० मध्ये पाणी, सांडपाणी, तलाव, बागा आहेत, फूटपाथ नाही. आम्ही जुन्यावरनं उचलून ते लिहिलं होतं, आणि वाचणाऱ्यानं तिथंच पेन खाली ठेवलं असणार. केंद्राचा एक लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंडपण ऐकला असेल, त्यात किमान निम्मा पैसा कर्ज, बाँड, नाहीतर पीपीपी म्हणजे खासगी भागीदारीतनं उभा करायचा असतो, आपल्या फूटपाथला ते झेपत नाही, सोडून द्या.

मंदिर आराखड्याबद्दल वेगळं सांगतो. तिथं तुम्हाला पैसे मागायचे नाहीत, तिथं तुमचा नकाशा जोडायचा आहे. पार्किंग ते मंदिर लोक चालणार तो रस्ता, सावली, बसायची जागा, स्वच्छतागृह, फेरीवाल्यांची जागा, हे तुमच्या आराखड्यात रेखाटलेलं असेल तर ते काम तिकडनं होऊ शकतं. आणि फेरीवाल्यांना अडथळा म्हणून लिहू नका, मी हात जोडून सांगतो. २०१४ च्या कायद्यानं शहर फेरीवाला समिती आहे, त्यात ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असतात, त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा. महाद्वार रोडवरचा गजरेवाला ज्या आराखड्यात नाही तो आराखडा कागदावरच राहतो.

आता प्रस्ताव लिहिताना भाषा कशी, तर पहिला परिच्छेद आम्ही शेवटी असा केला, वापरायचा असेल तर घ्या (प्रपत्र-अ म्हणजे आपलं ते "काय बदललं" चं पान):

"कोल्हापूर शहराचे क्षेत्रफळ ६६.८२ चौ.कि.मी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५,४९,२३६ आहे. शहर आटोपशीर असल्याने बहुतांश दैनंदिन प्रवास पायी अथवा सायकलने होऊ शकण्याइतक्या अंतराचे आहेत. उपलब्ध आराखड्यानंतर शहरात सोबतच्या प्रपत्र-अ प्रमाणे बदल झाले असून त्यांचा समावेश सदर आराखड्यात नाही. सबब पादचारी व सायकल आराखडा अद्ययावत करणे आवश्यक असून त्याकामी रु. ____ इतक्या निधीस मान्यता मिळावी, ही विनंती."

कोरडं आहे, मला माहितेय. पण ही भाषा वर जाताना कुणाला बदलावी लागत नाही, जशीच्या तशी टिपणीत जाते, आणि ज्याचं काम तुम्ही कमी करता तो तुमची फाईल वर ठेवतो.

बजेटचं पान प्रामाणिक ठेवा. मोजणी, नकाशे, वॉर्डातल्या बैठका, कन्सल्टंट, छपाई, आणि एक छोटा प्रयोग, म्हणजे एखाद्या चौकात रंग आणि ट्रॅफिकचे कोन लावून पंधरा दिवस क्रॉसिंग छोटं करून बघणं. हा प्रयोग कापू देऊ नका, नगरसेवकांना नकाशा वाचायचा कंटाळा असतो पण चौकात उभं राहून कळतं. चहा-माईक-खुर्च्यांचा खर्चपण लिहा, लाजू नका. जीएसटी लागतो की सूट आहे हे लेखा विभागाला आधी विचारा, आम्ही विचारलं नव्हतं आणि शेवटी छपाईचे पैसे तिकडं गेले. आकस्मिक म्हणून पाच-दहा टक्के.

कन्सल्टंट नेमताना निविदा महापालिका काढते, तुम्ही कार्यकक्षेचा मसुदा देऊ शकता. त्यात फक्त कमी दरावर निवड नको, गुणवत्ता आणि दर दोन्हीला मार्क असलेली पद्धत सुचवा, आणि "मराठीत चार बैठका, चारही विभागीय कार्यालयांच्या हद्दीत एकेक" अशी अट टाका. पुण्याचा २०१७ चा सायकल आराखडा चांगला अभ्यास आहे, वाचा, पण तसाच्या तसा इथं आणून डकवू नका. आपल्या पेठांतल्या रस्त्यांवर वेगळा ट्रॅक बसतच नाही, तिथं गाड्यांचा वेग कमी करणं हाच ट्रॅक. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, स्टेशन रोड इथं रुंदी आहे, तिथं बघा. हे कार्यकक्षेत स्पष्ट लिहिलं नाही तर कन्सल्टंट सगळीकडं दोन मीटरची हिरवी पट्टी काढून देतो, कॉम्प्युटरवर तेच सोपं असतं.

ठराव विसरू नका. महासभेचा ठराव, किंवा जे अधिकार ज्याच्याकडं असतील त्याची मंजुरी, त्यात तीन गोष्टी: आराखडा अपडेट करायला मान्यता, बाहेरचा निधी स्वीकारायला मान्यता, आणि देखभाल कोण करणार. तिसरी गोष्ट सगळे टाळतात, आणि देणारा सगळ्यात आधी तीच वाचतो.

पैसे आले तर वेगळं खातं, प्रत्येक टप्प्याचे जागेचा शिक्का असलेले फोटो, आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला ह्याचा कागद, वेळेत. दुसरा हप्ता त्याच कागदावर अडकतो. आमचा दुसरा हप्ता सध्या तिथंच आहे, प्रयोगाच्या फोटोत तारीख दिसत नाही म्हणून. मंगळवारी सकाळी परत कोन घेऊन चौकात उभं राहायचंय, ह्या वेळी फोटोवाल्या पोराला मोबाईलची सेटिंग आदल्या रात्रीच बघून ठेवायला सांगितलंय.